बाबांसाठी आवाज घेणे आहे

"दोन्ही चालतील," वाचा-उपचारवाल्या बाई म्हणाल्या. "एक छोटा लॅपटॉप येतो आणि एक खिशात मावणारं इंटरनेटचं यंत्र येतं. दोन्हींत टाईप केलं की ते मोठ्याने वाचून दाखवतं. कोणतं घ्यायचं ते घरी ठरवा."

बाईंचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण आजवर ज्यांनी ज्यांनी आम्हाला 'घरी ठरवा' असं सांगितलं, त्यांनी आमचं घर पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे हॉलच्या पडद्यांचा रंग ठरायला इतका वेळ गेला की तोवर समोर नवी इमारत उभी राहिली, ऊन यायचंच बंद झालं आणि पडद्यांचा विषय आपोआप निकाली निघाला.

यंत्र बाबांसाठी हवं होतं. घशाच्या कर्करोगात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. ऑपरेशन उत्तम झालं असं सर्जन म्हणाले, आणि ते खरंच असावं, कारण सांगताना ते हसत होते. मानेला पुढून एक भोक, त्यावर पातळ कापडाचा फडका, श्वास त्या भोकातून. तोंड जेवणापुरतं उरलं. दुसऱ्या कोणाचा आवाज गेला असता तर एवढं काही बिघडलं नसतं. माझा गेला असता तर ऑफिसात कित्येक महिने कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण बाबा म्हणजे बस-स्थानकावरचे उद्घोषक. गावात त्यांना चेहऱ्याने कोणी ओळखत नसे, पण दुकानात तोंड उघडलं की दुकानदार वजन करता करता मान वर करायचा आणि विचारायचा, "तुम्हीच का ते?" निवृत्त झाल्यावर ते घरात उद्घोषणा करत. "बाथरूम रिकामं झालेलं आहे, इच्छुकांनी लाभ घ्यावा." आम्ही तेव्हा वैतागायचो.

हॉस्पिटलने दाढीच्या मशीनसारखं, गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र आधी दिलं होतं. त्यातून शब्द यायचा, पण पिठाच्या गिरणीतून दळून आल्यासारखा. बाबांनी ते एकदा गळ्याला लावलं, एक शब्द बोलले, तो नीट ऐकला आणि यंत्र खोक्यात घालून खोक्याला सुतळी बांधून टाकली. नुसते ओठ हलवणंही त्यांना मंजूर नव्हतं. 'मासा दिसतो,' असं त्यांनी लिहून कळवलं.

लिहायला एक पांढरी पाटी होती, पुसता येणाऱ्या शाईच्या पेनाची. पाटीवर सगळं भागेल असं आम्हाला वाटत होतं. पण माझ्या बायकोला वाचायची घाई. बाबांनी 'आज चहा' एवढं लिहिलं की ही म्हणायची, "कडू झालाय, माहीत आहे मला." बाबांना लिहायचं असायचं की आज चहा छान झालाय. मग ते पाटी बाहीने पुसायचे आणि मोठ्या अक्षरांत लिहायचे, 'मला वाक्य संपवू द्या.' तेवढ्यात चहा गार व्हायचा, आणि मग खरोखरच कडू लागायचा.

तेव्हा यंत्र घ्यायचं हे नक्की झालं. कोणतं, एवढाच प्रश्न होता, आणि तो मी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या मॅनेजरसाहेबांना सांगण्याची चूक केली. मॅनेजरसाहेब म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. बँक त्यांना विसरली आहे, ते बँकेला विसरलेले नाहीत. ते त्याच संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसले.

"लॅपटॉप," ते म्हणाले. "यात विचार करण्यासारखं काहीच नाही. खिशातली वस्तू शेवटी खिशातून जाते. पडते, हरवते, कपड्यांबरोबर धुतली जाते. लॅपटॉप कधी कोणाचा धुतला गेलेला ऐकलाय?"

त्यांचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे औषधवाले वर आले. हे औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसणारे गृहस्थ. दिवसभर डॉक्टर त्यांना बोलू देत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी ते पूर्ण ताकदीने उपलब्ध असतात.

"साहेब, माणूस बोलतो कुठे?" त्यांनी मॅनेजरसाहेबांना विचारलं. "रस्त्यात, दुकानात, दारात. भाजीवाल्याशी बोलायला हे काय टेबल-खुर्ची घेऊन जाणार? खिशातलंच पाहिजे."

"आणि ती अक्षरं? मुंगीएवढी?"

"चष्मा कशाला असतो?"

दोघांच्या मधे बाबा बसले होते. मॅनेजरसाहेब मधूनच त्यांच्या कानाशी वाकून ओरडायचे, "तुमच्या सोयीचंच बोलतोय बरं का!" आवाज गेलेल्या माणसाशी लोक ओरडून का बोलतात, हे मला अजून कळलेलं नाही. बाबांना कमी ऐकू यावं अशी आमचीही त्या काळात इच्छा होती, पण कान ठणठणीत होते.

मग ताईचा फोन आला. माझी थोरली बहीण परदेशात असते आणि तिथून आमच्या घरातलं सगळं तिला आमच्यापेक्षा स्पष्ट दिसतं. "लॅपटॉपच घे, मला बाबांचा चेहरा मोठा दिसेल," ती म्हणाली. लगेच मेहुण्यांनी फोन घेतला. "घाई करू नका. नवीन मॉडेल येतंय, थोडं थांबा." आमचे मेहुणे कायम नवीन मॉडेलसाठी थांबलेले असतात. त्यांच्याकडे अजून टीव्ही नाही.

हे सगळं चालू असताना बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, पण बाबांना विचारलंत का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटी बाबांच्या हातात दिली. बाबांनी सावकाश टोपण काढलं, आमच्याकडे एकेकदा पाहिलं आणि लिहिलं, 'दोन्ही नको. घसा आणा.'

औषधवाले उठले. मॅनेजरसाहेबही उठले. दाराशी चपला घालताना मात्र ते मला हळूच म्हणाले, "तरीपण लॅपटॉपच."

शेवटी प्रश्न आमच्या ऑफिसने सोडवला. आमच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांवर अवलंबून असलेल्या आजारी माणसांना सहायक उपकरण मिळण्याची सोय आहे. ती आजवर कोणी वापरलेली नसल्यामुळे अजून चालू आहे. आस्थापना विभागातल्या बाईंनी कपाटातून नियम काढून वाचला. लॅपटॉप 'उपकरण' या सदरात बसत होता. खिशातलं यंत्र 'करमणूक' या सदरात जात होतं, कारण त्यावर गाणी वाजतात. "लॅपटॉपवरही वाजतात," मी म्हणालो. "ते नियमात नाही," बाई म्हणाल्या. ज्या निर्णयासाठी माझ्या घरी इतका आरडाओरडा झाला होता तो असा कपाटातून निघाला. मला खरं तर हायसं वाटलं. आता कोणी विचारलं तर ऑफिसकडे बोट दाखवता येणार होतं.

फक्त बाबांना बोलता येत नाही, असा वैद्यकीय मंडळाचा दाखला हवा होता.

मंडळ म्हणजे एका लांबट खोलीत टेबलामागे बसलेले एक डॉक्टर आणि एक लिहिणारे गृहस्थ. आम्ही सकाळपासून बाकावर बसलो होतो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, गळ्यावरचा फडका स्वच्छ धुतलेला होता. आमचा नंबर आला तेव्हा डॉक्टर खाली बघून काहीतरी वाचत होते.

"नाव सांगा," ते म्हणाले.

"डॉक्टर, त्यांना..." मी सुरुवात केली.

"तुम्ही नाही. पेशंटला सांगू दे."

बाबा उभे राहिले. डॉक्टर वाचत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी जरा मोठ्याने विचारलं, "नाव?" मग आणखी मोठ्याने विचारलं. लिहिणाऱ्या गृहस्थांनी पेन उचलून डॉक्टरांना विचारलं, "काय लिहू? सहकार्य करत नाहीत?"

मी म्हणालो, "अहो, ते बोलू शकत नाहीत. त्यासाठीच तर आलोय."

डॉक्टरांनी तेव्हा मान वर केली. माणूस वाईट नव्हता. त्याने फडका वर करून पाहिला आणि ओशाळून म्हणाला, "बसा, आजोबा." इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बाबांना वाटलं, आता आपणही काही सौजन्य दाखवावं. त्यांनी पिशवीतून पाटी काढली आणि आपलं पूर्ण नाव, वय, पत्ता सुंदर अक्षरात लिहून टेबलावर ठेवलं.

लिहिणाऱ्या गृहस्थांनी ते वाचलं. "साहेब," ते डॉक्टरांना म्हणाले, "हे लिहून संवाद साधतात. मग यांना यंत्र कशाला?"

यावर दोघांत बराच खल झाला. बाबा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. शेवटी डॉक्टरांनी लिहिलं की पेशंट बोलू शकत नाही, पण अक्षर चांगलं आहे. त्या दाखल्यावर लॅपटॉप मंजूर झाला. बाहेर आल्यावर बाबा बाकावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. रोज माइकसमोर आपलं नाव न सांगता अख्ख्या गावाला गाड्या दाखवणाऱ्या माणसाला, आपलं नाव सांगता येत नाही याचा शिक्का मिळाला होता. मी म्हटलं, "बाबा, काम झालं." त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात 'हो' होतं का 'नाही', हे मला विचारता आलं नाही.

दुकानात आवाज निवडायचा होता. मराठी बोलणारा एकच आवाज होता, आणि तो एका बाईचा. दुकानदार जाडजूड, चाळिशीतले गृहस्थ होते. ते म्हणाले, "पुरुषाचा आवाज येणार आहे, पण अजून आलेला नाही." मला मेहुण्यांची आठवण झाली. बाबांनी एकेक बोट उचलत टाईप केलं, 'प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे.' यंत्रातल्या बाईंनी ते वाचलं. त्यांनी 'प्रवाशांनी' म्हणताना श गिळला आणि 'द्यावे' असं म्हटलं की जणू कोणीतरी काहीतरी उसनं मागतंय. बाबांनी डोळे मिटले. मग पाटी काढून लिहिलं, 'हिला कोणी नेमलं?'

तरी लॅपटॉप घरी आला, आणि कबूल केलं पाहिजे, पहिले काही दिवस बरे गेले. बाबा टेबलाशी बसून एकेक अक्षर शोधायचे आणि बाई घरभर बोलायच्या. "भाजीत मीठ नाही." "पंखा लावा." बायकोला मधेच बोलता येईना, कारण बाई वाक्य पुरं केल्याशिवाय थांबतच नसत. एकदा तर बाबा हसले. हसले म्हणजे खांदे हलले आणि फडका थोडा फडफडला.

त्या भरात मी म्हणालो, "बाबा, बागेत जाऊ या."

बागेत एका बाकावर बस-स्थानकाची निवृत्त मंडळी रोज संध्याकाळी जमायची. कंडक्टरकाका, तिकीट खिडकीवरचे एक गृहस्थ आणि ड्रायव्हरकाका. ड्रायव्हरकाका बाबांचे सगळ्यात जुने मित्र. बाबांच्या आवाजावर त्यांनी आयुष्यभर गाडी स्टँडबाहेर काढली. ऑपरेशननंतर बाबा त्या बाकाकडे एकदाही फिरकले नव्हते. त्या दिवशी ते पुढे आणि लॅपटॉपची बॅग, वायर आणि जादा बॅटरी घेऊन मी मागे, अशी आमची मिरवणूक बागेत शिरली.

सगळ्यांना आनंद झाला. कंडक्टरकाकांनी बाबांना मिठी मारली आणि लगेच बातमी दिली, "तो शिट्टीवाला वॉचमन गेला रे. बदली झाली त्याची." हा वॉचमन अंधार पडायच्या आधीच शिट्ट्या मारून म्हाताऱ्यांना बाकावरून उठवायचा. बाबांचा त्याच्याशी जुना वाद होता. त्यांचे डोळे चमकले. त्यांनी लॅपटॉप मागितला. मी तो माझ्या मांडीवर उघडला, बाबांनी बाजूने वाकून वाकून टाईप केलं आणि बोलायचं बटण दाबलं. बाई बोलल्या नाहीत. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं आणि खाली अक्षरं आली की यंत्र स्वतःमध्ये सुधारणा करत आहे, कृपया बंद करू नये.

आम्ही बंद केलं नाही. सगळे थोडा वेळ चक्राकडे बघत बसले, मग साहजिकच दुसऱ्या गोष्टी बोलू लागले. तेवढ्यात ड्रायव्हरकाका आले. ते बाबांना बघून थांबले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेजारी बसले. चेहरा उतरलेला होता.

"भाऊ गेला माझा," ते म्हणाले. "परवा सकाळी."

कोणीतरी "अरेरे" म्हणालं. आणि माझ्या मांडीवरचं चक्र थांबलं. दुकानदाराने आवाज शेवटपर्यंत वाढवून दिला होता. बाई अत्यंत स्पष्टपणे म्हणाल्या, "बरं झालं. कटकट गेली. आता निवांत बसता येईल."

यावेळी उच्चार निर्दोष होते.

ड्रायव्हरकाकांनी आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग बाबांकडे. ते उठले आणि चालू लागले. बाबाही उठले. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यातून काय येणार. घरात आम्हाला हाक मारायची असली की बाबा टाळ्या वाजवायचे. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. ते बाकाजवळ उभे राहून, पाठ फिरवून चाललेल्या त्या माणसामागे जोरजोरात टाळ्या वाजवू लागले.

ड्रायव्हरकाका थांबले, वळले आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या मित्राकडे बघत राहिले. मग पुन्हा वळले आणि फाटकातून बाहेर पडले. मला उठून धावायचं होतं, पण मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपला वायर, वायर जादा बॅटरीला आणि बॅटरीची बॅग बाकाच्या पायाला अडकलेली. मी सुटेपर्यंत ते दिसेनासे झाले होते.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरकाकांनी त्यांना गाठून सगळं समजावून सांगितलं. ड्रायव्हरकाकांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "वॉचमनचं समजलं. टाळ्यांचं काय?" कंडक्टरकाकांना आमच्या घरातल्या टाळ्या माहीत नव्हत्या.

त्यानंतर बाबा घराबाहेर पडले नाहीत. लॅपटॉप उघडला नाही. पाटीही घेईनात. सकाळी खुर्चीत बसायचे ते दुपारपर्यंत, दुपारी पलंगावर. बायको चहा घेऊन समोर उभी राहायची आणि विचारायची, "कडू झालाय का?" ते मान हलवायचे. "चांगला झालाय का?" तरी तशीच मान हलवायचे. एकदा ती तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, मी मधे बोलणार नाही. कितीही वेळ लागू द्या. पण काहीतरी लिहा." पाटी कोरीच राहिली. टाळ्याही बंद झाल्या. एके दिवशी दुपारी ते न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि आम्ही घरात असूनही आम्हाला बऱ्याच वेळाने कळलं. फार लागलं नव्हतं. पण ते फरशीवर शांत बसून होते, आणि हात मोकळे होते.

मी घाबरलो. घाबरलेला माणूस काहीतरी खरेदी करतो. मी ठरवलं की चूक यंत्राची होती आणि खिशातलं घेतलं असतं तर हे झालंच नसतं. औषधवाले तर हेच म्हणत होते. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले, आणि माझं दुःख हलकं झाल्यासारखा चेहरा करून माझ्याकडे पाहू लागले.

दुकानदार म्हणाले की वापरलेला लॅपटॉप परत घेता येत नाही. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की एका माणसाला एकच उपकरण, पहिलं मोडलं तरच दुसरं. यावर औषधवाल्यांनी मला बाजूला घेऊन सुचवलं की जिन्यावरून वस्तू पडू शकते. मी सरळमार्गी माणूस आहे. ऑफिसातली पेन्सिल मी घरी आणलेली नाही. पण मी एका सकाळी लॅपटॉप घेऊन जिन्यात गेलो, इकडेतिकडे पाहिलं आणि तो सोडला. तो मधल्या वळणापर्यंत आपटत गेला आणि नेमका मॅनेजरसाहेबांच्या पायाशी थांबला. त्यांनी तो उचलला, उघडला आणि मला दाखवला. तो चालू झाला होता, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ लवकर. "बघा," मॅनेजरसाहेब अभिमानाने म्हणाले, "खिशातलं असतं तर तुकडे झाले असते."

शेवटी खिशातलं यंत्र मी पदरचे पैसे घालून आणलं. आवाज त्यातही त्याच बाईंचा होता. बाबांनी त्याला हात लावला नाही. ते त्यांच्यासमोर टेबलावर पडून राहिलं, आणि त्यांना बोलतं करायची अक्कल मला नाही, बायकोला सुचली. तिने खुर्ची ओढली आणि बाबांसमोर बसली.

"बाबा," ती म्हणाली, "ड्रायव्हरकाकांकडे जाऊन यायला हवं. भाऊ गेलाय त्यांचा. बाकीचं राहू द्या, पण ते राहून कसं चालेल? इथेच टाईप करून ठेवा. तिथे गेल्यावर फक्त बटण दाबायचं. मधे काही गडबड व्हायलाच नको."

बाबा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी यंत्र हातात घेतलं.

अख्खी सकाळ गेली. एका बोटाखाली दोन अक्षरं दाबली जायची, आणि यंत्र स्वतःच्या मनाने शब्द सुचवायचं. 'दुःख' लिहायला गेले की 'दुकान' यायचं. बाबा पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. आम्ही दोघंही मधे बोललो नाही. शेवटी त्यांनी बटण दाबलं आणि बाईंनी वाचलं, "तुझा भाऊ गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. बागेत जे झालं ते वॉचमनबद्दल होतं. माझ्या हातून तुला दुखवलं गेलं. मला माफ कर." बाबांनी तीन-चार वेळा ऐकलं. एका जागी स्वल्पविराम घातला. मग शर्ट बदलायला गेले.

पाटी मीच घरी ठेवायला लावली. म्हटलं, आता कशाला, यंत्र आहे ना.

ड्रायव्हरकाका चौथ्या मजल्यावर राहत होते. बाबा प्रत्येक मजल्यावर थांबत होते, फडक्यामागून श्वासाचा आवाज येत होता. दार काकूंनी उघडलं. आम्हाला बघून त्या बाजूला झाल्या. खोली लहान होती. खिडकीजवळ एक रिकामी लोखंडी खाट होती, गादी गुंडाळून ठेवलेली. ड्रायव्हरकाका तिच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते.

बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले, यंत्र दोन्ही हातांत धरलं आणि बटण दाबलं.

चक्र फिरायला लागलं.

त्या खोलीत इंटरनेट पोहोचत नव्हतं. खिशात मावणारं यंत्र घेताना मी पडदा पाहिला, बॅटरी पाहिली, रंगसुद्धा पाहिला, पण यात बाईंचा आवाज इंटरनेटवरून येतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हणालो, "एक मिनिट, बाबा," आणि यंत्र त्यांच्या हातातून घेऊन खिडकीशी गेलो. तिथे नव्हतं. खाटेवर चढून वर धरलं, तिथे नव्हतं. काकू माझ्याकडे बघत होत्या, म्हणून खाली उतरलो. स्वयंपाकघरात गेलो, तिथे नव्हतं. दाराबाहेर गेलो, जिना उतरून मधल्या वळणावर आलो, हात वर केला, आणि तिथे ते मिळालं.

"तुझा भाऊ गेल्याचं ऐकून वाईट वाटलं," बाई जिन्यात कडाडल्या. समोरून पिशव्या घेऊन एक अनोळखी बाई चढत होत्या. त्या जागच्या जागी थांबल्या. मी बटणं दाबत होतो, पण हे थांबवायचं कुठून ते मला माहीत नव्हतं. "माझ्या हातून तुला दुखवलं गेलं. मला माफ कर." त्या बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या. "माझा भाऊ ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आत्ताच फोन झाला."

त्यांची समजूत घालून मी वर आलो, तेव्हा खोलीत बाबा आणि ड्रायव्हरकाका अजून तसेच समोरासमोर होते. फक्त बाबा आता खाटेच्या कडेवर बसले होते.

"ऐकू आलं जिन्यातून," ड्रायव्हरकाका मला म्हणाले. मग बाबांकडे वळले. "वॉचमनचं मला कळलंच होतं. पण टाळ्या का वाजवल्यास?"

मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण बाबांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी एक टाळी वाजवली, हलकीच, आणि मग हाताने खूण केली. इकडे ये. पुन्हा एक टाळी, पुन्हा खूण.

ड्रायव्हरकाका त्या हाताकडे बघत राहिले.

"हाक मारत होतास?"

बाबांनी मान हलवली. यावेळी ते 'हो' होतं.

काकू आत निघून गेल्या. मग ड्रायव्हरकाका खालच्या आवाजात म्हणाले, "टाळ्यांचा राग होताच. पण खरं तुला सांगतो. ह्या खाटेवर किती वर्षं होता तो, तुला माहीत आहे. उचलायचं, पुसायचं, भरवायचं. शेवटी शेवटी शिव्या द्यायचा. ज्या सकाळी गेला, त्या सकाळी सगळं आवरल्यावर मी चहा केला आणि इथे बसून प्यायलो. कप गार व्हायच्या आत. मनात आलं, चला, आता निवांत बसता येईल. हिलासुद्धा सांगितलं नाही. आणि दोन दिवसांनी बागेत आलो, तर तुझ्या त्या मशीनने तेच वाक्य सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. तेच शब्द. मला वाटलं, ह्याला कळलं कसं."

पूर्वीचे बाबा असते तर यावर काहीतरी बोलले असते. चांगलंच बोलले असते, आवाज लावून. आता ते खाटेच्या कडेवरून थोडे पुढे सरकले, एवढंच. ड्रायव्हरकाकांनी डोळे पुसले आणि पुढे बोलू लागले. भावाबद्दल, लहानपणाबद्दल, खाटेबद्दल. मधे फक्त फडक्यातून श्वास ऐकू येत होता. मी यंत्र हातात घेऊन दाराशी उभा होतो. मला कोणी बसायला सांगितलं नाही.

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. मधल्या वळणावर बाबा थांबले. मला वाटलं दम लागला. त्यांनी हात पुढे केला आणि यंत्र मागितलं. कठड्याला टेकून, जाड बोटांनी एकेक अक्षर शोधत, चुकलं की पुसत, ते लिहीत राहिले. मी मधे बोललो नाही. मग त्यांनी बटण दाबलं. चक्र फिरलंच नाही.

"उद्या मी एकटा येईन," बाई म्हणाल्या. "तू येऊ नकोस."